चेंडू नको, मोकळा माणूस बघ

अमेरिकेत एमएस करताना कॅम्पसवर नोकरी शोधत होते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, त्यापेक्षा जास्त नाही. लायब्ररीत जागा नव्हती, म्हणून कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या व्हिडिओ विभागात चिकटले. सराव चित्रित करायचा आणि प्रत्येक खेळीपुढे नोंद करायची: कितवा डाउन (म्हणजे प्रयत्न), किती यार्ड बाकी, कुठली फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी). खेळाचा गंध नसला तरी चालतं, असं जाहिरातीत होतं. चालत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी झोन रीडच्या, म्हणजे चेंडू द्यायचा की ठेवायचा हे ऐनवेळी ठरणाऱ्या, सगळ्या खेळी साधी धाव म्हणून नोंदवल्या. बचावाच्या कोचनी चित्र थांबवलं, एका डिफेन्सिव्ह एंडवर, म्हणजे बचावाच्या कडेच्या खेळाडूवर, बोट ठेवलं आणि विचारलं, ‘याला कुणीच का अडवलेलं नाही?’ मला वाटलं, आक्रमणाकडून चूक झाली असेल.

चूक नव्हती, तोच डाव होता. साध्या धावेत क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा डाव चालवणारा, चेंडू देऊन मोकळा होतो, म्हणजे आक्रमणाचा एक माणूस कमी पडतो. झोन रीडसारख्या ‘ऑप्शन’ खेळीत तो हिशेब उलटतो. एका बचावपटूला मुद्दाम मोकळं सोडायचं आणि क्वार्टरबॅकने त्याच्यावर नजर ठेवायची. तो बचावपटू रनिंग बॅकवर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यावर, धावला, तर चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेर पळायचं. थांबला, तर चेंडू देऊन टाकायचा. कबड्डीत कोपरा सांभाळलेल्यांना हे चटकन कळेल. हुलीला जो आधी भुलला, तो गेला.

ही कल्पना जुनीच. १९६८ मध्ये टेक्सास विद्यापीठाचे कोच एमरी बेलार्ड यांनी विशबोन नावाची ऑप्शनची मांडणी आणली. त्यात चेंडू मधून जाऊ शकतो, क्वार्टरबॅककडे राहू शकतो किंवा बाहेर पिच होऊ शकतो, म्हणजे बाजूच्या साथीदाराकडे फेकला जाऊ शकतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोच रिच रॉड्रिगेझ यांनी ग्लेनव्हिल स्टेट या कॉलेजात शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅकला काही पावलं मागे उभं करून, झोन रीड रुजवला. आता आरपीओ (रन-पास ऑप्शन: धाव की पास, हे ऐनवेळी ठरतं) आहे, तो मला सगळ्यात छळतो. कॉलेजच्या नियमांत पास सुटण्याआधी लाइनमन, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या रांगेतले अडवणारे, तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एकच. अंगावर येणारा लाइनमन बघून लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, धाव समजून पुढे सरकतो आणि चेंडू त्याच्या पाठीमागे जाऊन पडतो.

उतारा काय? आधी वाटणी. मधली धाव कुणाची, क्वार्टरबॅक कुणाचा, पिच कुणाची, हे खेळी सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. त्यानंतर फसवणूक. स्क्रेप एक्स्चेंज या डावात डिफेन्सिव्ह एंड आत घुसतो आणि लाइनबॅकर त्याच्या मागून वळसा घालून बाहेर येतो. एंड आत गेलेला बघून क्वार्टरबॅक चेंडू ठेवतो आणि थेट लाइनबॅकरच्या मिठीत जातो. दर वेळी हेच केलं तर पुढच्या खेळीत टाइट एंड (आक्रमणाचा कडेचा खेळाडू) त्या लाइनबॅकरला उडवतो, म्हणून मधूनमधून डिफेन्सिव्ह एंडने नुसतं रेंगाळायचं: खांदे रेषेला समांतर, पाय हळूहळू सरकवत. क्वार्टरबॅकचा निर्णय जरा लांबला की तेवढ्यात मदत पोचते.

आर्मी (अमेरिकी लष्करी अकादमी) सारख्या संघाविरुद्धचा आठवडा वेगळाच. इतर कुणी सहसा खेळत नाही असा विशबोनच्या धर्तीचा ऑप्शन ते खेळतात, अन् तयारीला चारच दिवस. २०१८ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मैदानावर आर्मीने ६० पैकी जवळजवळ ४५ मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवला. ओक्लाहोमा जिंकली ती जादा वेळेत, २८-२१. अशा आठवड्यात काही कोच स्काउट टीमला, म्हणजे सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या खेळाडूंना, चेंडूशिवायच पळवतात. चेंडूच नसला की ज्याने त्याने आपापला माणूस पकडायचा. तो सराव चित्रित करताना मला आधी हसूच आलं होतं.

तुम्ही या कामाला लागणार असाल तर अर्ज ऑगस्टच्या सराव-कॅम्पआधी करा आणि शनिवार विसरा, सामने तेव्हाच असतात. लिफ्टवरून, म्हणजे उंच उचललेल्या पाळण्यातून, चित्रित करायला लावतात. वारा असला की ती डुलते, तेव्हा मफलर आणि जाड मोजे हवेतच. नोंदी करताना एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या) कॅमेऱ्याचं चित्र आधी लावा, कारण लाइनमधल्या फटी त्यातच दिसतात. प्रत्येक खेळी तीनदा बघा: एकदा न अडवलेल्या माणसासाठी, एकदा लाइनबॅकरच्या पायांसाठी, आणि चेंडू सगळ्यात शेवटी.