किनाऱ्यावरच्या कचऱ्याची माटवी कशी बांधावी

ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ साली तापमानवाढीचे निळे-लाल पट्टे प्रसिद्ध केले. एका वर्षाला एक पट्टा, थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल. आकडा एकही नाही, तरी बघताक्षणी कळतं. आपल्या पुळणीवरच्या प्लास्टिकचंही असं चित्र करता येतं, तेही संगणकाशिवाय.

गुहागर असो की आंजर्लं, किनाऱ्याचा १०० मीटरचा एकच टप्पा धरा. एका टोकाला सुरूचं झाड, दुसऱ्या टोकाला वहाळाचं तोंड, अशा न हलणाऱ्या खुणा हव्यात. दर अमावास्येला जा. त्या दिवशी आपल्याकडे दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती असते. चारपर्यंत पाणी उतरतं आणि ताज्या कचऱ्याची ओळ मागे राहते. तीच मोजायची. बाटलीच्या बुचापेक्षा लहान तुकडा मोजू नका, नाहीतर थर्माकोलचे कण वेचतच काळोख होईल. हातमोजे घाला. सुई दिसली तर नोंद करा, हात लावू नका.

आता बांधणी. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर माटवी, म्हणजे फळं-पानं टांगलेली चौकट, बांधतात, तशी बांबूची चौकट वरून टांगा. दर महिन्याला जाळ्याची एक दोरी, दर दहा तुकड्यांमागे एक बूच. निळं बूच जाळ्यांसाठी, पांढरं थर्माकोलसाठी, लाल बाटल्यांसाठी, हिरवं बाकी सगळ्यासाठी. जाळ्यांचा प्रश्न महत्त्वाचा वाटत असेल तर निळी बुचं सगळ्यांत वर ओवा. सगळ्या दोऱ्यांवर एकाच रेषेपासून सुरू होणारा रंग तुलनेला सोपा जातो.

बुचं एकाच मापाची घ्या. कचरा दुप्पट झाला म्हणून दुप्पट व्यासाचं झाकण लावाल, तर क्षेत्रफळ चौपट होईल आणि बघणारा नकळत फसेल. खरा आकडा पुरेसा वाईट असतो, त्याला फुगवायची गरज नाही.

पावसाळ्यात दर्या खवळलेला असताना मोजायला जाऊ नका. त्या महिन्याची दोरी रिकामी सोडून टोकाला गाठ मारा. गाठ म्हणजे ‘मोजलं नाही’, शून्य नव्हे. हे पाटीवर लिहाच. शिवाय जागा, तारखा आणि ‘१ बूच = १० तुकडे’.

रंग वस्तूचा द्या, गुन्हेगाराचा नको. बाटली नदीने आणली, होडीवरून पडली की पर्यटकाने फेकली, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

बुचं गोड्या पाण्यात धुऊन घ्या, नायलॉनची सुटी टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करा. जेटीवर टांगणार असाल तर सावलीत. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं आणि त्याचे तुकडे पुन्हा पाण्यातच जातात.