जुन्या व्हर्जनवर ऑनलाइन खेळताय?
डिसेंबर २०२१ मध्ये माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतली मोठी फट उघडी पडली. चॅटमध्ये एक ठरावीक ओळ टाकली, की सर्व्हरवर आणि समोरच्या खेळाडूच्या कॉम्प्युटरवरही परका कोड चालवता येई! दोष आत वापरलेल्या लॉगफोरजे (Log4j) या नोंदी ठेवणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीचा होता. १.१८.१ या व्हर्जनमध्ये तो दुरुस्त झाला. मॉडच्या, म्हणजे इतरांनी बनवलेल्या गेममधल्या बदलांच्या, हौसेपायी जुनं व्हर्जन धरून बसला असाल, तर दुरुस्ती वेगळी टाकावी लागते का ते बघा; मॉड केलेल्या क्लायंटना (आपल्या कॉम्प्युटरवरचा गेम) आणि परक्या लाँचरना (गेम सुरू करणारा प्रोग्रॅम) ती आपोआप मिळतेच असं नाही.

आणि कुठलाही गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवू नका. घुसणाऱ्याच्या हाती सहसा गेमला दिलेलेच हक्क लागतात, म्हणून खेळायला साधं, वेगळं अकाउंट बरं. अपडेट बंद झालेला गेम? फक्त ओळखीच्यांबरोबर, पासवर्ड लावलेल्या सर्व्हरवर.