कोल्हापुरात रस्त्यावरच्या माणसांचे कॅन्डिड फोटो कसे काढावेत

महाद्वार रोडवर गजरे ओवत बसलेल्या एका आजींचे फोटो मी समोरच्या दुकानाच्या खांबाआडून काढत होतो. कॅमेऱ्याला ७०-३०० मिमीची लांब लेन्स होती. आजींनी हातातला दोरा थांबवला नाही, मानही वर केली नाही. नुसतं म्हणाल्या, "लपून का काढायलास रं? म्होरं ये की." मी गेलो आणि त्यांच्या पाटीशेजारी बसलो. पाच-दहा मिनिटं त्या माझ्याशी बोलत होत्या, मग गिऱ्हाईक आलं आणि मी तिथं आहे हे त्या विसरून गेल्या. खांबाआडून काढलेले चाळीसेक फोटो मी पुढं पुसून टाकले. पाटीजवळ बसून काढलेल्या सहांतले दोन आजही माझ्या भिंतीवर आहेत.

कॅन्डिड म्हणजे माणूस आपल्या नादात, आपल्या कामात असताना टिपलेला फोटो. फोटो काढणाऱ्यानं लपायलाच हवं असं त्यात काही नाही. बाबूराव पेंटरांनी मूकपटांच्या काळात महाराष्ट्र फिल्म कंपनी या गावात उभी केली आणि स्वतःचा देशी कॅमेराही इथंच बनवला. इथल्या माणसाला कॅमेऱ्याचं भय नाही. त्याला चीड येते ती चोरून काढण्याची. म्हणून पुढचं सगळं समोर उभं राहून करायचं आहे.

साधन

मोबाइल चालतो. बाहेर पडण्याआधी त्याची लेन्स सदऱ्याच्या मऊ टोकानं पुसा, कारण खिशातल्या फोनवर बोटांचे डाग असतातच आणि त्यानंच निम्मे फोटो धुरकट येतात. कॅमेऱ्याचा आवाज बंद करा. फोटो आवाजाच्या बटणानं काढा, म्हणजे स्क्रीनवर बोट टेकवताना हात हलत नाही. दोन बोटांनी ताणून झूम करू नका, त्यापेक्षा दोन पावलं पुढं जा. चित्रातल्या उजळ भागावर बोट थोडा वेळ दाबून ठेवलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथंच लॉक होतो. मग स्क्रीनवरची उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. कडक उन्हात पांढरी टोपी आणि धोतर फटफटीत होत नाही.

कॅमेरा असेल तर २८ किंवा ३५ मिमीची, झूम नसलेली लहान लेन्स लावा. ती तुम्हाला माणसाजवळ जायला लावते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम ५० मिमीच्या लेन्सवर केलं आणि आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनं झाकले. नजरेत न भरणं वेगळं आणि लपणं वेगळं. मोठी बॅग, खिशा-खिशांचं जाकीट, गळ्यात दोन कॅमेरे असला थाट केला की अख्खा चौक तुमच्याकडं बघत बसतो.

एक जागा धरा

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका दिवसात गाव पालथं घालणं. पहाटे पंचगंगा घाट, दुपारी बिंदू चौक, संध्याकाळी रंकाळा. असं फिरलं की तुम्हाला कुणी ओळखत नाही आणि तुम्हालाही कुठल्या जागेची चाल कळत नाही. एकच जागा निवडा. कपिलतीर्थ मंडईचा एक कोपरा, चप्पल लाइनमधलं एक दुकान, रंकाळ्याचा एक कट्टा, काहीही चालेल. पण महिनाभर तिथंच जा, शक्यतो त्याच वेळेला.

माझी जागा गंगावेशीतला दूध कट्टा. धारेच्या वेळेला म्हशी येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि फेसासकट ग्लास हातात येतो. पहिले तीन दिवस मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. दूध प्यायचं, पैसे द्यायचे आणि बाजूला उभं राहायचं. चौथ्या दिवशी दूधवाल्या मामांनीच विचारलं, "फोटो काढतासा न्हवं? मग काढा की." दुसऱ्या आठवड्यात मी तिथल्या दाव्या-बादल्यांइतकाच जुना झालो होतो.

आणि मग कान उघडले. धार रिकाम्या ग्लासात पडते तेव्हा तळाशी टणटण वाजते. दूध चढेल तसा आवाज जाड होत जातो, आणि फेस काठाला आला की जवळजवळ बंदच होतो. आवाज बसला की ग्लास वर येणार. पिणारा पहिला घोट घेताना डोळे मिटतो. ग्लास खाली येतो, मिशीवर पांढरा फेस असतो आणि तो पुसायला मनगट वर यायला एक-दीड सेकंद लागतो. फोटो त्या एक-दीड सेकंदात असतो. तो टिपायला माझं बोट चपळ झालं नाही. रोज तेच ऐकून आता काय होणार हे आधी कळायला लागलं, इतकंच. फ्लॅश मात्र कायमचा बंद ठेवा. त्यानं म्हैस बुजते, आणि बुजलेल्या म्हशीशेजारी माणूस बसलेला असतो.

प्रत्येक जागेला अशी काहीतरी खूण असते. भाजीवाल्या मावशी तराजू उचलण्याआधी पदर खोचतात. चप्पल शिवणारा कारागीर टाका ओढण्याआधी श्वास रोखतो. तुमच्या जागेतली खूण शोधण्यात पहिला आठवडा गेला तरी तो वाया गेला असं मी मानत नाही.

उजेडाची वेळ

अंबाबाईच्या देवळाचा किरणोत्सव कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात पोचतात. फोटो काढणाऱ्यानं यातून एक साधी गोष्ट घ्यावी. महाद्वार पश्चिमेला आहे, म्हणजे मावळतीच्या आधी त्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तोंडावर आडवा, सोनेरी उजेड येतो. किरणोत्सवाच्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण आधीच्या-नंतरच्या आठवड्यातही उजेड साधारण तसाच असतो. मंदिराच्या आत फोटो काढायचे नाहीत. बाहेर रस्त्याच्या कडेला उभं राहा आणि सूर्य पाठीशी घ्या. दर्शन घेऊन आलेला माणूस चपला शोधताना, कपाळावरचं कुंकू सारखं करताना, पोराचा हात पुन्हा धरताना दिसतो.

दुपारी बारा ते तीन हा वेळ उन्हाळ्यात सोडून द्या. नाहीतर दुकानांच्या छपराखाली या. ऊन आणि सावलीची रेघ जिथं पडते तिथं थांबा आणि माणूस त्या रेघेवर येण्याची वाट बघा. जुलै-ऑगस्टच्या झडीत कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून लेन्सपुरतं भोक पाडा. ओल्या रस्त्यावर दिव्यांचे रंग सांडतात, छत्र्या आडव्या होतात, माणसं एकमेकांना खेटून उभी राहतात. माझ्या मते कोल्हापूर पावसातच सगळ्यात देखणं दिसतं.

आकडे एकदाच लावून ठेवा

माणूस समोर आल्यावर कॅमेऱ्यावरची चाकं फिरवत बसलात तर फोटो गेला. म्हणून घरातूनच लावून निघा. शटर (उजेड किती वेळ आत येतो ते) १/२५० सेकंद, सायकल किंवा पळणारी पोरं असतील तर १/५००. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ/८. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटोवर, वरची मर्यादा ६४००. फोटोत थोडे दाणे आले तर चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

फोकस हातानं एका अंतरावर बांधून ठेवण्याची जुनी पद्धत आजही सगळ्यात वेगवान आहे. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर २८ मिमीची लेन्स, एफ/८ आणि फोकस ३ मीटरवर ठेवला, तर साधारण दीड मीटरपासून तीसेक मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. ३५ मिमीला फोकस अडीच मीटरवर ठेवा. पावणेदोन ते पाच मीटरचा पट्टा मिळतो. अडीच मीटर म्हणजे किती, हे घरात फरशा मोजून डोळ्यात बसवा. मी भिंतीला पाठ लावून उभा राहायचो आणि दाराशी कुणी आलं की मनातल्या मनात अंतर सांगायचो. संध्याकाळी उजेड कमी झाला की अ‍ॅपर्चर उघडावं लागतं आणि हा पट्टा आखडतो. तेव्हा ऑटोफोकसवर या.

रंगाबद्दल एक आग्रह. रस्त्यावरचा फोटो म्हटलं की कृष्णधवल करायचा, ही सवय सोडा. छायाचित्रकार रघुवीर सिंग यांनी भारतातले रस्ते आयुष्यभर रंगातच टिपले. तालमीची तांबडी माती, चैत्रात जोतिबावरून गुलालात न्हाऊन परतलेली माणसं, मंडईतला झेंडू हे सगळं राखाडी करून हातात काय उरतं?

चौकट आधी, माणूस नंतर

आधी मागची भिंत बघा. जुनं दार, दुकानाचा फळा, एखादी मोकळी निळी भिंत. चौकट ठरवा आणि माणसांना तिच्यात येऊ द्या. डोक्यामागून खांब उगवलेला नाही ना, कडेला कुणाचा अर्धा हात कापला जात नाही ना, एवढं बघा. नजर आधी हातांवर ठेवा. चेहरा सावध होतो, हात कामातच राहतात. फोटो काढून झाल्यावर कॅमेरा लगेच खाली घेऊ नका. तो तसाच डोळ्याला ठेवला की माणसाला वाटतं फोटोवाला पलीकडचं काहीतरी टिपतोय, आणि तो सैल होतो. खरं चित्र बऱ्याचदा त्यानंतरच मिळतं.

नजरानजर झाली तर

होणारच. हसा, मान हलवा, जवळ जा आणि स्क्रीन दाखवा. "काकी, तुमचा फोटो घेतलाय, चालंल का? नको असंल तर काढून टाकतो." बहुतेक जण स्वतःकडं बघून हसतात आणि कुणी शेजारणीलाही हाक मारतात. नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच पुसा. मोबाइलवर असेल तर पुसलेल्या फोटोंच्या कप्प्यातूनही काढा. वाद घालू नका. रस्ता सगळ्यांचा असला तरी तोंड त्यांचं आहे.

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला आपल्याकडं सरसकट बंदी नाही. पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, आणि बाईचं खाजगी कृत्य चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पंचगंगेच्या घाटावर आंघोळ करणाऱ्या, लुगडं बदलणाऱ्या बायकांकडं कॅमेरा वळवायचा नाही, हे कळायला कलम वाचावं लागू नये. लहान मुलाचा फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नका. कुणाचा चेहरा जाहिरातीत वापरायचा असेल तर लेखी परवानगी घ्या.

तालमीत जायचं तर आधी वस्तादांना भेटा. चपला बाहेर काढा आणि आखाड्याच्या मातीत पाय ठेवू नका. पैलवान लंगोटावर असतात, तेव्हा कुठला फोटो बाहेर जाईल ते त्यांनाच ठरवू द्या. अर्धा तास बसलात की डाव सुरू होतात आणि तुमच्याकडं कुणी बघत नाही.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ मध्ये आम्ही शहरात पाणी शिरलेलं बघितलं. घरातली ट्रंक डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून येणारी बाई हे जबरदस्त चित्र आहे, यात शंका नाही. पण त्या वेळी तुमचा हात ट्रंकेला लागला पाहिजे. मी एक असा फोटो काढला होता. नंतर त्या बाईंच्या डोळ्यांत बघायची वेळ आली. तो फोटो मी कुठं लावला नाही आणि तसला पुन्हा काढला नाही.

घरी आल्यावर

त्याच दिवशी निवडू नका. आठवडाभर थांबा. काढताना झालेला आनंद ओसरला की चित्र चित्र म्हणून दिसतं. दोनशेतून तीन निघाले तर तो दिवस चांगला गेला. फोटोत माणूस बावळट, लाचार किंवा हास्यास्पद दिसत असेल तर तो कितीही धारदार असला तरी बाजूला काढा. त्या माणसाच्या घरच्यांना हा फोटो भिंतीवर लावावासा वाटेल का, असं मी दरवेळी स्वतःला विचारतो.

निवडलेल्यांच्या चार बाय सहाच्या प्रिंट काढून त्या माणसांना नेऊन द्या. हे सोडू नका. पुढच्या वर्षभराचं तुमचं काम यावर चालतं. प्रिंटमागं बारीक मार्कर पेननं तारीख आणि जागा लिहा आणि शाई पुरती वाळू द्या. बॉलपेन दाबून लिहिलं की समोरून वळ उमटतात. माणूस जागेवर नसेल तर प्रिंट पाकिटात घालून शेजारच्या गाड्यावर ठेवा आणि कुणासाठी आहे ते सांगा. संध्याकाळच्या आत पोचते.