जेवण नळीतून असलं तरी तोंड रोज धुवायचंच

पक्षाघात झालेला, मोठ्या ऑपरेशननंतर अंथरुणात पडून असलेला किंवा स्मृतिभ्रंशामुळे स्वतःचं स्वतः करता न येणारा माणूस घरात असला की घरची मंडळी जिवापाड राबतात. अंग पुसणं, कूस बदलणं, औषधांच्या वेळा, सगळं चोख असतं. मी घरी जाऊन शुश्रूषा करणारी परिचारिका आहे. अशा घरात गेले की मी आधी टॉर्च लावून तोंडात पाहते. पाठीवर एक व्रण नसतो, चादर स्वच्छ असते, पण टाळूला तपकिरी पापुद्रा चिकटलेला असतो, जीभ भेगाळलेली असते आणि खालच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण साचलेलं असतं. "सिस्टर, ते तोंडानं काही घेतच नाहीत, मग घाण कशी होणार?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरी ऐकू येतो.

म्हणून आधी हे सांगते. जो माणूस तोंडानं जेवत नाही, त्याचं तोंड जेवणाऱ्यापेक्षा लवकर घाण होतं. निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. चघळताना ती जास्त सुटते, जीभ आणि गाल दातांवरून फिरतात, जंतू घोटाबरोबर पोटात जातात आणि तिथल्या आम्लात बहुतेक मरतात. चघळणं थांबलं की ही सगळी सफाईच बंद पडते. त्यात बरेच आजारी लोक तोंड उघडं ठेवून श्वास घेतात. ॲलर्जी, नैराश्य, लघवीवर ताबा नसणं अशा तक्रारींवरच्या कित्येक गोळ्यांनीही लाळ आटते. मग जंतूंचा चिकट थर दातांवर, जिभेवर, टाळूवर वाढत जातो. झोपेत ती लाळ थेंबाथेंबानं श्वासनलिकेत उतरते. गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाला तेव्हा ठसकासुद्धा लागत नाही. काही दिवसांनी ताप येतो, छातीत घरघर सुरू होते, आणि तोंडाचा यात काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

हा संबंध तपासून पाहिलेला आहे. जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटातल्या वृद्धांचे दात काळजीवाहक प्रत्येक जेवणानंतर ब्रशनं घासून देत, दुसऱ्या गटाचं नेहमीसारखंच चालू होतं. ब्रश करून दिलेल्या गटात ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्या गटात १९ टक्के लोकांना. जेवणानंतरची पाच मिनिटं, एक साधा ब्रश आणि गरजेप्रमाणे दंतवैद्याकडून सफाई, एवढ्यानं हा फरक पडला. मी हे आकडे प्रत्येक घरी सांगते, कारण तोंड धुणं म्हणजे आजारी माणसाचं कौतुक नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे, हे घरच्यांना पटावं लागतं.

मधुमेह असेल तर आणखी एक कारण आहे. हिरड्या सुजलेल्या, पू धरलेल्या असतील तर साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, आणि साखर वाढलेली असेल तर हिरड्या आणखी बिघडतात. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांनी उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलेलं आहे. गोळ्या वेळेवर चालू असून साखर हटत नसेल, तर डॉक्टरांना हिरड्यांबद्दलही सांगा.

बसवायचं कसं, हे आधी

लोक विचारतात पेस्ट कुठली, ब्रश कुठला. मी आधी उशा मागते. आडव्या, मान मागे टाकलेल्या माणसाच्या तोंडात कधीही ब्रश घालू नका. पाणी सरळ घशाकडे जातं. बसता येत असेल तर सरळ बसवा आणि हनुवटी किंचित छातीकडे ठेवा. बसता येत नसेल तर पलंगाचा डोक्याकडचा भाग ३० ते ४५ अंश उचला, किंवा पाठीमागे आणि डोक्याखाली घट्ट उशा लावा. तेही जमत नसेल, माणूस शुद्धीवर नसेल, तर कुशीवर वळवा, चेहरा तुमच्याकडे आणि थोडा खाली झुकलेला ठेवा, गालाखाली टॉवेल अंथरा. पक्षाघात असेल तर लुळी बाजू वर आणि धड बाजू खाली ठेवा, म्हणजे जमा होणारं पाणी जिकडे संवेदना आहे तिकडे राहील.

तुम्हीही समोर बसा. डोक्यामागून हात आला की माणूस घाबरतो, विशेषतः स्मृतिभ्रंश असलेला. डोळ्याला डोळा भिडेल एवढ्या उंचीवर बसा, काय करणार आहात ते सांगा. शुद्ध नसली तरी सांगा.

हाताशी एवढं असू द्या: लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश, फ्लोराइड असलेली कमी फेसाची पेस्ट, दोन वाट्या साधं पाणी, गॉजचे तुकडे, टॉवेल, हातमोजे, टॉर्च. घरात सक्शन मशीन (तोंडातली लाळ-पाणी ओढून घेणारं यंत्र) असेल तर ते चालू करून जवळ ठेवा.

प्रत्यक्ष धुताना

सुरुवात ओठांपासून करा. कोरडा ओठ ताणला की फाटतो, आणि एकदा दुखलं की पुढचे चार दिवस तो माणूस तोंड उघडत नाही. ओल्या गॉजनं ओठ भिजवा, मग पाण्याचा अंश असलेलं जेल लावा. ऑक्सिजन चालू असेल तर पेट्रोलियम जेली लावू नका.

टाळूला किंवा जिभेला वाळलेला पापुद्रा असेल तर तो ओढून काढू नका. ही चूक सर्रास होते. खालची त्वचा त्याला चिकटलेली असते, ओढलं की रक्त येतं, आणि ते रक्त वाळून आणखी जाड पापुद्रा बनतो. गॉज भिजवून घट्ट पिळा आणि दोन-तीन मिनिटं त्या जागेवर नुसता टेकवून धरा. मग दात घासून घ्या. परत येऊन पाहिलंत तर कडा सुटलेल्या दिसतील. तिथून मागून पुढे हलक्या हातानं पुसून घ्या. सगळं एका वेळी निघालं नाही तर राहू द्या, उरलेलं संध्याकाळी निघेल.

ब्रश पाण्यात बुडवून झटका, थेंब गळता कामा नये. पेस्ट फक्त चाटून लावल्याएवढी. ब्रश दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तिरका टेकवा आणि छोट्या-छोट्या हालचाली करा, एका वेळी दोन दात. एक क्रम ठरवून टाका, म्हणजे कोपरा सुटत नाही. लुळ्या बाजूच्या गालात अन्न, कधीकधी आख्खी गोळीसुद्धा अडकलेली सापडते. तो गाल रोज उघडून पाहा. मधे-मधे ब्रश वाटीत खळबळून घ्या आणि सुटलेली घाण गॉजनं लगेच टिपून बाहेर काढा. हे टिपणं घासण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण मोकळे झालेले जंतू तोंडातच राहिले तर ते पुन्हा घशाकडेच जाणार. गुळणी करता येत नसेल तर पाणी ओतायचंच नाही.

जीभ शेवटी, मागून पुढे, अगदी हलक्या हातानं. फार मागे गेलात तर उबळ येते.

हिरड्यांतून रक्त आलं की घरचे घाबरून घासणं बंद करतात. रक्त येतं ते सुजेमुळे, आणि सूज असते ती साचलेल्या थरामुळे. रोज मऊ ब्रश फिरला तर आठवडा-दोन आठवड्यांत रक्त कमी होत जातं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा प्लेटलेट कमी असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका.

दिवसातून दोनदा ब्रश, आणि त्यातली रात्रीची वेळ चुकवू नका, कारण झोपेत लाळ सगळ्यात कमी असते. तोंड फार कोरडं पडत असेल तर मधल्या वेळेत दर दोन-तीन तासांनी ओल्या गॉजनं नुसतं पुसून घ्या. कृत्रिम लाळेचं जेल मिळतं, ते पातळ लावा आणि दर वेळी आधीचा थर पुसून मगच नवा लावा, नाहीतर थरावर थर चढून त्याचाच पापुद्रा होतो. अल्कोहोल असलेले माउथवॉश नकोत. लिंबू-ग्लिसरीनचे बोळेही नकोत, त्यानं तोंड आणखी कोरडं पडतं आणि आम्लानं दात झिजतात. काडीवरचा स्पंज वापरत असाल तर तो घट्ट बसलाय का ते ओढून पाहा. स्पंज सुटून घशात अडकल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

कवळी असेल तर रात्री काढायचीच. कवळी घालून झोपणाऱ्या अतिवृद्धांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलेलं आहे. पाण्यानं भरलेल्या भांड्यावर धरून धुवा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. साबण आणि मऊ ब्रश पुरे. पेस्टनं ओरखडे पडतात, गरम पाण्यानं आकार बिघडतो. रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. कवळीखालच्या हिरड्याही गॉजनं पुसा, दात नसले तरी.

तोंड उघडत नाहीत तेव्हा

जबरदस्ती करू नका आणि दातांच्या मधे बोट घालू नका. गाल बाहेरून हलकेच चोळा, ओठांच्या कोपऱ्यातून ब्रश आत सरकवा, दातांची बाहेरची बाजू तरी होते. दुसरा ब्रश घेऊन त्याच्या पाठीनं गाल बाजूला धरला तर जागा मिळते. शक्य असेल तर ब्रश त्यांच्याच हातात द्या आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवा. कित्येकदा ती जुनी सवय हाताला आठवते आणि तोंड आपोआप उघडतं. तरीही नाहीच जमलं तर अर्ध्या तासानं पुन्हा जा.

पण नकार रोजचाच झाला तर त्यामागचं दुखणं शोधा. एक आजी जेवणच सोडून बसल्या होत्या. चमचा दिसला की मान फिरवायच्या. घरच्यांना वाटलं, आजार पुढे गेला. टॉर्चनं पाहिलं तर मागच्या तुटलेल्या दाढेची धार जिभेच्या कडेला घासत होती, तिथे पांढरट काठाचा व्रण झाला होता. दंतवैद्यानं ती धार घासून गुळगुळीत केली, आणि पुढच्या काही दिवसांत आजी पुन्हा जेवू लागल्या. बोलता न येणारा माणूस दात दुखतोय हे सांगू शकत नाही. तो जेवण नाकारतो, गालाला हात लावतो, चिडतो, रात्री झोपत नाही.

म्हणून धुताना रोज बघायचं काय? पुसला तर निघणारा आणि खाली लाल जागा सोडणारा पांढरा थर ही बुरशी असू शकते. दम्याचा स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांमध्ये ती जास्त होते, म्हणून पंपानंतर तोंड पुसून घ्या. हलणारा दात दिसला तर लगेच दंतवैद्याला कळवा, तो निखळून श्वासनलिकेत जाऊ शकतो. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, गाठ, लाल किंवा पांढरा चट्टा दाखवायचाच. चेहऱ्यावर सूज आणि ताप असेल, किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि दात काढायची वेळ आली, तर हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनांची यादी आधी दंतवैद्यासमोर ठेवा. त्यातल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड क्वचित भरून येत नाही, आणि हे त्यांना दात काढायच्या आधीच माहीत असायला हवं.