आत्याचं ०.९ क्रिएटिनिन नॉर्मल नव्हतं

माझ्या आत्याला सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार. गेल्या आषाढात तिचा रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, ०.९. छापील रेंज ०.६ ते १.१, त्यामुळे आकडा ठळक नाही की पुढे बाण नाही. "किडनी छान आहे," म्हणत घरच्यांनी कागद फायलीला लावलासुद्धा. मी मिरजेत एका लॅबमध्ये २२ वर्षं रक्त काढते, आणि मीही आधी "चला, बरं झालं" म्हणाले. मग मागचं पान उलटलं. दीड महिन्यापूर्वीचा आकडा ०.५ होता.

म्हणजे जवळजवळ दुप्पट! विचारल्यावर कळलं, गुडघ्यांसाठी बाई आठवडाभर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी घेत होत्या. सिरॉसिसमध्ये ही गोळी किडनीला फार वाईट. डॉक्टरांनी ती गोळी आणि लघवीच्या गोळ्याही थांबवल्या, शिरेतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) लावलं, आणि आकडा ०.६ वर उतरला.

तेव्हापासून सिरॉसिस असलेल्या बाईचा रिपोर्ट कोणी दाखवला की मी रेंजचा रकाना हाताने झाकते. आधी जुना आकडा काढायचा, शक्यतो गेल्या तीन महिन्यांतला. ४८ तासांत ०.३ ने वाढ किंवा आठवड्याभरात दीडपट झाली, की सिरॉसिसमध्ये ती किडनीची अचानक इजा धरतात, आकडा रेंजमध्ये असला तरी. ०.५ वाल्या बाईची दीडपट होते ०.७५. तिथे कुठलंही मशीन बाण दाखवणार नाही.

असं का, ते आत्याच्या हाताकडे बघून कळतं. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि त्याचा कच्चा माल, क्रिएटिन, बराचसा लिव्हर बनवतं. लिव्हर थकलं की माल कमी, वरून स्नायूही झिजतात. किडनी अर्धी बसली तरी आकडा गरीबासारखा खालीच. बाईमाणसाचे स्नायू मुळात कमी, म्हणून फसगत तिची जास्त. वजनकाट्यावर जाऊ नका, पोटातलं पाणी वजन धरून ठेवतं. आत्याचं वजन ५८ चं ५८ च होतं, पण रक्त काढायला हात वर धरला की पाटल्या घरंगळत कोपरापर्यंत जायच्या. पूर्वी त्या साबण लावल्याशिवाय निघत नसत.

दुसरं, ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून काढलेला, किडनी किती गाळते याचा अंदाज. रिपोर्टवर नसेल तर मोबाईलवर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने काढा, आणि 'स्त्री' निवडलंय ना ते दोनदा बघा. वय ५५, क्रिएटिनिन १.०: पुरुषाला साधारण ८९ येतं, बाईला ६७. एकच आकडा, एवढा फरक! त्यातही सिरॉसिसमध्ये हे ६७ खऱ्यापेक्षा जास्तच असण्याची शक्यता. शंका असेल तर डॉक्टरांना सिस्टॅटिन सी या प्रथिनाची रक्ततपासणी विचारा. ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात, स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. मात्र थायरॉइड, स्टिरॉइड किंवा अंगात सूज-जंतुसंसर्ग असेल तर तेही हलतं, म्हणून चालू गोळ्या आधी सांगाव्यात.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. कावीळ जास्त असली की फिरवलेल्या ट्यूबमधलं सीरम हळदीच्या पाण्यासारखं दिसतं. असं सँपल जाफे पद्धतीने, म्हणजे रसायनाच्या रंगावरून, मोजलं तर काविळीच्या पिवळ्या बिलिरुबिनमुळे क्रिएटिनिन आणखी कमी येऊ शकतं. लॅबला सरळ विचारा, पद्धत जाफे की एन्झायमॅटिक? एन्झायमॅटिक बरी. आणि दरवेळी एकच लॅब. पन्नास रुपये वाचवायला लॅब बदलली तर ०.२ चा फरक किडनीचा की मशीनचा, मलाही सांगता येत नाही.

लिव्हर प्रत्यारोपणाचं बोलणं निघालं तर मेल्ड स्कोअर ऐकाल, म्हणजे लिव्हरचा आजार किती गंभीर ते रक्ताच्या आकड्यांवरून सांगणारे गुण. त्यात १.० च्या खालचं क्रिएटिनिन १.० च धरतात. म्हणजे आत्याचं ०.५ आणि ०.९ स्कोअरला सारखंच! अमेरिकेत २००२ पासून या स्कोअरवर लिव्हर वाटली जातात, आणि प्रतीक्षायादीत बायका मागे पडत राहिल्या. जुलै २०२३ पासून तिथे मेल्ड ३.० लागू झाला, त्यात बाईला १.३३ गुण जादा मिळतात. आपल्या डॉक्टरांनी कुठला मेल्ड काढलाय, हे विचारण्यात लाजायचं काय?

घरी एक वही करा: तारीख, लॅब, क्रिएटिनिन, सोडियम, वजन, चालू गोळ्या. जुलाब, उलट्या, ताप, पोटातलं पाणी काढणं, लघवी कमी होणं, यातलं काही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा. डॉक्टरांपुढे "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" म्हणू नका, "०.५ चं ०.९ झालंय" म्हणा. आत्याची वही ती स्वतःच लिहिते. शेवटचा रकाना तिने आपल्या मनाने वाढवलाय: पाटली कुठवर आली.