जमिनीखालच्या पाइपला स्प्रिंकलर कसा जोडावा

मुख्य पाइपच्या टी-वर (तीन तोंडांच्या जोडावर) उभा कडक पाइप लावून त्यावर थेट स्प्रिंकलर बसवू नका. गवत कापायच्या मशीनचं चाक वरून गेलं की धक्का सरळ खाली जातो आणि टी-च तडकते. मग सगळं पुन्हा खणावं लागतं. मध्ये लवचिक जोड हवाच.

पाणी बंद करून पाइप कापा, कडा घासा, आतली माती पुसा. अर्धा इंची आट्यांचं तोंड असलेली टी सॉल्व्हंट सिमेंटने (पाइप जोडायच्या गोंदाने) चिकटवा, तोंड आडवं बाजूला ठेवा. सिमेंट डब्यावर दिलेल्या वेळेइतकं वाळू द्या, घाई केली तर जोड दाबाखाली सुटतो.

आता टी-मध्ये काटेरी तोंडाचा (नळी पकडणाऱ्या खाचांचा) एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, फिरवून बसवा. आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या दिशेने दोन-तीन वेढे. काट्यांवर मात्र टेप नको. ३०-४५ सेंमी लवचिक नळी काट्यांवर पूर्ण दाबून बसवा. दुसऱ्या टोकाला तसाच एल्बो, त्यावर स्प्रिंकलर. प्लास्टिकचे आटे हातानेच घट्ट करा, फार तर पाव वेढा पान्याने. जास्त आवळलं की स्प्रिंकलरचा तळ चिरतो. मोठ्या रोटरला (फिरत पाणी फेकणाऱ्या स्प्रिंकलरला) बहुधा पाऊण इंची तोंड असतं, ते आधी तपासा.

नोझल लावण्यापूर्वी पाणी सोडून पाइप धुवून काढा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग वाळूच्या कणाने नोझल तुंबतं.

स्प्रिंकलरचं झाकण जमिनीच्या पातळीत, उभं सरळ ठेवा. माती थराथराने दाबत भरा.