ब्रिटनमधील प्लगला योग्य फ्यूज कसा निवडावा

ब्रिटनमध्ये तीन चौकोनी पिनांच्या प्लगमध्येच छोटा फ्यूज असतो आणि तो उडाला की घरात सापडेल तो, बहुधा १३ अँपिअरचा, बसवला जातो. टेबल लॅम्पच्या बारीक वायरीला हा फ्यूज फार मोठा पडतो. बिघाड झाल्यास फ्यूज उडण्याआधी वायरच तापू शकते.

उपकरणाच्या तळाशी किंवा मागे छापलेले वॅट पाहून त्यांना २३० ने (तिथल्या विजेच्या व्होल्टेजने) भागावे आणि येणाऱ्या आकड्याच्या लगेच वरचा फ्यूज घ्यावा. दुकानात मुख्यतः लाल खुणेचा ३ अँपिअरचा आणि तपकिरी खुणेचा १३ अँपिअरचा फ्यूज मिळतो. त्यामुळे साधारण ७०० वॅटपर्यंत ३ आणि त्यापुढे १३, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. ६० वॅटच्या दिव्याला ३ चा फ्यूज भरपूर झाला, तर ३००० वॅटच्या किटलीला १३ चाच लागतो. फ्रिजसारखी मोटार असलेली उपकरणे सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतात, म्हणून तेथे वॅटच्या हिशेबापेक्षा उत्पादकाने सांगितलेला आकडाच प्रमाण मानावा.

प्लग सॉकेटमधून पूर्ण काढल्यावरच फ्यूज बदलावा, आणि उडालेल्या फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळून काम भागवण्याचा प्रकार कधीही करू नये.